आयर्लंडचे पुनरेकीकरण

आयर्लंड बेटाची १९२१ मध्ये झालेली फाळणी रद्द करून आयर्लंडचे प्रजासत्ताक व ब्रिटनच्या संयुक्त राज्यात मोडणारा उत्तर आयर्लंड हे दोन प्रदेश एका सार्वभौम राज्यात आणावेत, ही मागणी व तीवरून शंभराहून अधिक वर्षे चालत आलेला वाद. प्रजासत्ताकाचे क्षेत्रफळ सु. ७०,२७० चौ. किमी. व लोकसंख्या सु. ५१,५०,००० (२०२२) असून उत्तर आयर्लंडचे क्षेत्रफळ सु. १४,१३० चौ. किमी. व लोकसंख्या सु. १९,०३,००० (२०२१) आहे. दोहोंमधील सीमा सु. ५०० किमी. लांबीची आहे. ती जुन्या परगण्यांच्या हद्दींवरून आखली गेल्यामुळे अनेक ठिकाणी शेते व रस्ते तिने दुभंगले आहेत. या वादाकडे कॅथलिक व प्रॉटेस्टंट पंथीयांमधील भांडण म्हणून पाहण्याची प्रथा आहे. ती अर्धीच खरी आहे. जकात, कर, निवृत्तिवेतने व सार्वजनिक कर्जातील वाटा हे विषय प्रारंभापासून त्यात गुंतलेले आहेत आणि त्यांवरील युक्तिवादांच्या बाजू शतकभरात जवळजवळ पूर्णपणे उलटल्या आहेत.

पूर्वपीठिका : बेटाच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात १६०९ पासून इंग्लंड व स्कॉटलंडमधील प्रॉटेस्टंट लोकांची पद्धतशीर वसाहत करण्यात आली. मूळच्या कॅथलिक कुळांच्या जमिनी त्यांना देण्यात आल्या व तेथपासून या प्रांताची सामाजिक घडण उर्वरित बेटाहून वेगळी होत गेली. १ जानेवारी १८०१ पासून संयोगाचा कायदा अंमलात येऊन डब्लिन येथील संसद संपुष्टात आली व आयरिश प्रतिनिधी लंडनच्या संसदेत बसू लागले. संयोगाची फळे मात्र दोन्ही भागांना सारखी मिळाली नाहीत. दक्षिण व पश्चिम आयर्लंड शेतीप्रधान राहिले आणि १८४५–४९ च्या बटाट्याच्या दुष्काळात त्यांची वाताहत झाली. उलट, बेलफास्टच्या परिसरात जवसाच्या तंतूपासून तलम लिनन विणण्याचा धंदा, यंत्रनिर्मिती व जहाजबांधणी यांची भरभराट झाली. १९११ मध्ये बेलफास्टची लोकसंख्या सु. ३,८७,००० होती, डब्लिन शहराची तीन लाखांच्या आसपास होती. टायटॅनिक हे जहाज याच वर्षी बेलफास्टच्या गोदीतून पाण्यात सोडण्यात आले.

ग्लॅडस्टनने १८८६ व १८९३ मध्ये आयर्लंडला अंतर्गत स्वराज्य देणारी विधेयके मांडली. होमरूल या नावाने ही मागणी जगभर ओळखली गेली. तिला आर्थिक बळ मिळाले ते एका शाही आयोगाच्या निष्कर्षामुळे. आयर्लंडवर त्याच्या कुवतीच्या मानाने वर्षाकाठी सु. २७.५ लाख पौंड इतका जादा करभार पडतो, असे या आयोगाने १८९६ मध्ये नमूद केले. दादाभाई नवरोजी यांचा संपत्तीच्या अपहाराचा सिद्धांत ज्यांना परिचित आहे, त्यांना या युक्तिवादाचे नाते सहज ध्यानात येईल. ब्रिटिश संसदेत असताना दादाभाई होमरूलचे पुरस्कर्ते होते, हा केवळ योगायोग नव्हे. अल्स्टरच्या व्यापारी वर्गाचा हिशेब निराळा होता. बेलफास्टच्या कारखान्यांना लागणारा कोळसा व लोखंड ब्रिटनमधून येई, भांडवल व पत तेथीलच होती आणि मालाची बाजारपेठ साम्राज्यभर पसरलेली होती. डब्लिनची संसद शेतकऱ्यांच्या हाती जाणार, ती संरक्षक जकाती बसवणार व त्यांचा खर्च उत्तरेच्या उद्योगांकडून वसूल करणार, अशी त्यांची धारणा होती. ही भीती निराधार म्हणता येत नाही. सिन फेन पक्षाचा संस्थापक आर्थर ग्रिफिथ हा जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रीड्रिख लिस्ट याचा अनुयायी असून संरक्षक जकातींचा उघड पुरस्कर्ता होता.

दरम्यान हिशेबाचे पारडे नकळत फिरू लागले होते. १९०८ च्या कायद्याने वृद्धांस निवृत्तिवेतन सुरू झाले. आयर्लंडमधून तरुणांचे स्थलांतर सतत होत असल्याने तेथे वृद्धांचे प्रमाण अधिक होते; साहजिकच १९१० च्या सुमारास आयर्लंडवरील सरकारी खर्च तेथून मिळणाऱ्या महसुलापेक्षा जास्त होऊ लागला. स्वातंत्र्य परवडेल काय, हा प्रश्न तेव्हा प्रथम विचारला गेला.

फाळणी : तिसरे होमरूल विधेयक १९१२ मध्ये आले, तेव्हा अल्स्टरमध्ये त्याविरुद्ध प्रतिज्ञापत्रावर लक्षावधी लोकांनी सह्या केल्या व १९१३ मध्ये सशस्त्र स्वयंसेवक दल उभारले गेले. हे विधेयक १९१४ मध्ये संमत झाले. परंतु महायुद्धामुळे त्याची अंमलबजावणी तहकूब राहिली. कामगार नेता जेम्स कॉनली याने त्याच वर्षी असा इशारा दिला होता, की फाळणी झाल्यास सीमेच्या दोन्ही बाजूंस प्रतिगामी शक्तींचेच राज्य येईल. होमरूल हा शब्द मराठी वाचकास लोकमान्य टिळकांमुळे परिचित आहे. एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे स्थापन झालेल्या त्यांच्या संघाने हे नाव आयरिश चळवळीवरूनच घेतले होते. मात्र त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव होऊन खुद्द आयरिश राजकारण होमरूलच्या पलीकडे निघून गेले. १९१८ च्या निवडणुकीत सिन फेनने १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या व पूर्ण स्वातंत्र्याची घोषणा केली.

ब्रिटिश संसदेच्या १९२० च्या कायद्याने बेटावर दोन स्वतंत्र विधिमंडळे निर्माण केली. अल्स्टर प्रांतात नऊ परगणे होते. ते सर्व घेतल्यास प्रॉटेस्टंटांचे बहुमत निसटते राहिले असते. म्हणून अँट्रिम, आर्मा, डाउन, फर्मॅना, लंडनडेरी व टिरोन हे सहाच परगणे उत्तर आयर्लंडमध्ये ठेवून डॉनेगॉल, कॅव्हन व मॉनगन हे तीन वगळण्यात आले. असे करूनही एक तृतीयांश लोकसंख्या कॅथलिक राहिली. फर्मॅना व टिरोन या परगण्यांत तर कॅथलिकांचेच आधिक्य होते. म्हणजे जो अल्पसंख्याकांचा प्रश्न सोडविण्यासाठी फाळणी झाली, तोच प्रश्न लहान प्रमाणावर नव्याने निर्माण करण्यात आला.

डिसेंबर १९२१ च्या अँग्लो-आयरिश तहाने दक्षिणेस वसाहतीच्या स्वराज्याचा दर्जा मिळाला व सीमेची फेरआखणी करण्यासाठी आयोग नेमण्याचे ठरले. तहावर डब्लिनमध्ये जी दीर्घ चर्चा झाली, तीत फाळणीपेक्षा राजनिष्ठेच्या शपथेवरच अधिक वेळ खर्च झाला, ही गोष्ट नोंदण्याजोगी आहे. तह ६४ विरुद्ध ५७ मतांनी मंजूर झाला आणि यादवी युद्धाला तोंड फुटले. सीमा आयोगाचे काम १९२४ पर्यंत रेंगाळले. सीमेत किरकोळच फेरफार होणार व काही प्रदेश उलट उत्तरेस द्यावा लागणार, अशी बातमी १९२५ च्या नोव्हेंबरात फुटताच डब्लिन सरकार हादरले. ३ डिसेंबर १९२५ रोजी झालेल्या करारानुसार आहे तीच सीमा कायम झाली व त्याबदली ब्रिटिश राष्ट्रीय कर्जातील जो वाटा तहान्वये दक्षिणेने उचलावयाचा होता, त्यातून तिला मुक्त करण्यात आले. आयोगाचा अहवाल १९६९ पर्यंत अप्रसिद्ध राहिला. नव्या राज्याची तिजोरी पाहता ही कर्जमाफी लहान नव्हती. परंतु सीमेपलीकडच्या कॅथलिकांना आपला सौदा झाला असे वाटले असल्यास त्यांना दोष देता येणार नाही.

दोन अर्थव्यवस्था : १९२३ मध्ये सीमेवर जकात नाकी बसली. लंडनडेरी शहराचा डॉनेगॉल परगण्याशी, तसेच न्यूरी गावाचा दक्षिणेकडील खेड्यांशी असलेला पिढीजात व्यापार तुटला व चोरट्या व्यापारास बहर आला. १९३२ मध्ये एमन डी व्हॅलेरा सत्तेवर आला. त्याने ब्रिटनला देय असलेले जमीन खरेदीचे हप्ते थांबविले. उलट ब्रिटनने आयरिश गुरांवर जकात लादली. हे आर्थिक युद्ध १९३८ पर्यंत चालले व एक कोटी पौंडांच्या ठोक रकमेवर मिटले. त्याने उभारलेल्या जकातींच्या भिंतीमुळे अल्स्टरच्या व्यापाऱ्यांचे १८९३ मधील भाकीत खरे ठरले, असे म्हणावे लागते. संपूर्ण बेट हाच राष्ट्राचा प्रदेश असल्याचा दावा डी व्हॅलेराच्या १९३७ च्या संविधानाने दुसऱ्या व तिसऱ्या अनुच्छेदांत केला. (राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे भारताने याच संविधानावरून घेतली.) त्याच संविधानात कॅथलिक चर्चला विशेष स्थान देण्यात आले. एकीचा दावा आणि त्या एकीत ज्यांना यावयाचे होते त्यांना दूर लोटणारे कलम एकाच दस्तऐवजात शेजारी शेजारी बसले. विशेष स्थानाचे हे कलम १९७२ मध्ये सार्वमताने रद्द झाले. १९४० च्या जूनमध्ये ब्रिटनने, दक्षिणेने युद्धात उतरावे या अटीवर, एकीकरणास तत्त्वतः मान्यता देऊ केली होती. उत्तरेची संमती कोण मिळवणार हे त्यात स्पष्ट नव्हते; डी व्हॅलेराने तटस्थता सोडली नाही.

उत्तरेची सुस्थितीही टिकली नाही. १९२० च्या कायद्यानुसार तिने साम्राज्याच्या खर्चासाठी वार्षिक वर्गणी भरावयाची होती. लिनन व जहाजबांधणी या दोन्ही धंद्यांना उतरती कळा लागून १९३०–४० या दशकात विमाधारक कामगारांपैकी सुमारे चतुर्थांश बेकार झाले आणि वर्गणी नाममात्र उरली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर पैशाचा ओघ उलट दिशेने, लंडनहून बेलफास्टकडे सुरू झाला. ब्रिटनची नवी आरोग्यसेवा, शिक्षण व बेकारभत्ता उत्तरेस लागू झाले. दक्षिणेत १९५१ मध्ये माता व बालकांसाठी मोफत वैद्यकीय मदतीची योजना धर्मगुरूंच्या व डॉक्टरांच्या विरोधापुढे बारगळली. त्या दशकात सु. चार लाख माणसे देश सोडून गेली व १९६१ च्या जनगणनेत लोकसंख्या २८ लाखांपर्यंत घसरली. १९४९ मध्ये प्रजासत्ताकाची स्थापना होऊन राष्ट्रकुलाशी संबंध तुटले, तेव्हा ब्रिटनने उत्तरेच्या विधिमंडळाच्या संमतीवाचून तिचा दर्जा बदलणार नाही अशी कायदेशीर हमी दिली. या काळात एखाद्या कॅथलिक कामगारालाही भाकरीच्या हिशेबाने एकीकरण महागच पडले असते.

तथापि, हिशेब हीच एक गोष्ट नव्हती. उत्तरेतील कॅथलिकांना नोकऱ्या, सरकारी घरे व स्थानिक मताधिकार यांत डावलले जाई. लंडनडेरी शहरात कॅथलिक बहुसंख्य असूनही प्रभागांच्या रचनेमुळे नगरपरिषद ब्रिटनशी संयोग टिकवू पाहणाऱ्या युनियनिस्ट पक्षाच्या ताब्यात होती. सुधारणांच्या मागणीसाठी १९६८ मध्ये नागरी हक्कांची चळवळ सुरू झाली. ती दडपण्याच्या प्रयत्नांतून हिंसाचाराचे जे पर्व सुरू झाले, त्यात तीस वर्षांत सु. ३,५०० लोक मारले गेले. ३० जानेवारी १९७२ रोजी लंडनडेरीत लष्कराने निदर्शकांवर गोळीबार केला व दोन महिन्यांतच बेलफास्टचे विधिमंडळ तहकूब होऊन लंडनची प्रत्यक्ष राजवट आली. मार्च १९७३ मध्ये उत्तरेत घेतलेल्या सार्वमतात ९८.९ टक्के मते ब्रिटनमध्ये राहण्याच्या बाजूने पडली. राष्ट्रवादी पक्षांनी बहिष्कार टाकल्याने मतदान ५८.७ टक्केच झाले व आकड्याला अर्थ उरला नाही. १९८४ मध्ये डब्लिन येथील न्यू आयर्लंड फोरमने एकात्म राज्य, संघराज्य किंवा दोन्ही सरकारांची संयुक्त सत्ता असे तीन पर्याय सुचविले. मार्गारेट थॅचर यांनी तिन्ही फेटाळले. मात्र पुढच्याच वर्षी त्यांनी उत्तरेच्या कारभाराविषयी मत मांडण्याचा डब्लिनचा अधिकार करारान्वये मान्य केला.

गुड फ्रायडे करार व त्यानंतर : १० एप्रिल १९९८ च्या करारास २२ मे रोजी उत्तरेत ७१.१ टक्के व दक्षिणेत ९४.४ टक्के मतदारांनी संमती दिली. प्रजासत्ताकाने उत्तरेवरील प्रादेशिक दावा सोडला. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये राहील की एकसंध आयर्लंडमध्ये जाईल, हे तेथील बहुमताने ठरेल, हे तत्त्व ब्रिटनने स्वीकारले. उत्तरेत जन्मलेल्यांस आयरिश, ब्रिटिश अथवा दोन्ही नागरिकत्वे घेण्याची मुभा मिळाली. एकीकरणाच्या बाजूने बहुमत होण्याची शक्यता दिसल्यास ब्रिटिश मंत्र्याने सार्वमत घ्यावे व दोन सार्वमतांत किमान सात वर्षांचे अंतर असावे, अशी तरतूद झाली. ही शक्यता कशावरून ठरवावयाची, हे कायद्याने सांगितलेले नाही.

करारानंतर विषय मागे पडला होता. २०१६ च्या सार्वमतात ब्रिटनने यूरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला, तेव्हा उत्तर आयर्लंडमधील ५५.८ टक्के मतदार संघात राहण्याच्या बाजूने होते; त्यांना त्यांच्या कौलाविरुद्ध बाहेर पडावे लागले. आयर्लंडची ५०० किमी.ची सीमा यूरोपीय संघाची बाह्य सीमा होण्याचा प्रसंग आला. या वाटाघाटींत आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर (२०१७–२०, २०२२–२४) यांची भूमिका निर्णायक ठरली. त्यांचे वडील मुंबईचे असून घराण्याचे मूळ गाव सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील वराड हे होय. बेटावर नाकी बसू नयेत म्हणून तपासणी ब्रिटन व उत्तर आयर्लंड यांच्यामधील समुद्रमार्गावर नेण्यात आली आणि युनियनिस्टांचा रोष ओढवला. २०२३ च्या विंडसर आराखड्याने ही तपासणी सौम्य केली. दरम्यान, अविभक्त आयर्लंड आपोआप संघाचा सदस्य राहील, असे यूरोपीय परिषदेने एप्रिल २०१७ मध्ये जाहीर केले होते. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीच्या लोकांचे प्रमाण (४५.७ टक्के) प्रॉटेस्टंट पार्श्वभूमीच्या लोकांपेक्षा (४३.५ टक्के) प्रथमच अधिक भरले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सिन फेनच्या मिशेल ओनील उत्तरेच्या पहिल्या राष्ट्रवादी मुख्यमंत्री झाल्या. यावरून बहुमताचा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. मतपाहण्यांत एकीकरणाच्या बाजूने एक तृतीयांशाच्या आसपासच लोक आढळतात. स्वतःस दोन्ही गटांत न मोजणारा मतदारांचा मोठा वर्ग तयार झाला असून निर्णय त्याच्याच हाती आहे.

खर्चाचा वाद : उत्तर आयर्लंडमध्ये जमा होणारा महसूल व तेथे होणारा सरकारी खर्च यांतील तूट ब्रिटिश तिजोरी भरून काढते. ती वर्षास सु. ९ ते १० अब्ज पौंड धरली जाते. एकीकरणानंतर हा भार प्रजासत्ताकावर पडेल, हा विरोधकांचा मुख्य मुद्दा आहे. जॉन फिट्झजेरल्ड व एडगर मॉर्गनरॉथ या डब्लिनच्या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये हा भार वर्षाला ८ ते २० अब्ज यूरो असा आकारला. उत्तरेतील सरकारी वेतने व निवृत्तिवेतने दक्षिणेच्या उंच पातळीवर आणावी लागतील, हे त्यातील वरच्या आकड्यामागील प्रमुख कारण आहे. डब्लिनचे प्राध्यापक जॉन डॉइल यांनी २०२१ मध्ये याचा प्रतिवाद केला होता. तुटीच्या आकड्यात ब्रिटनच्या संरक्षणाचा व राष्ट्रीय कर्जाच्या व्याजाचा वाटा धरलेला आहे. आजवर ज्यांनी ब्रिटिश विम्याची वर्गणी भरली त्यांचे निवृत्तिवेतनही ब्रिटननेच द्यावयास हवे. हे वजा जाता खरी तूट २.८ अब्ज पौंडांच्या घरात राहते, असे त्यांचे म्हणणे. व्हँकूव्हर येथील कुर्ट ह्यूब्नर यांच्या गटाने २०१५ मध्ये, अनुकूल परिस्थितीत एकीकरणाने आठ वर्षांत ३५.६ अब्ज यूरोंची भर पडेल, असे गणित मांडले होते. या सर्व आकड्यांतील तफावत हिशेबाच्या कौशल्यातून आलेली नाही. कर्जाचा व निवृत्तिवेतनाचा वाटा कोण उचलणार हा वाटाघाटीचा प्रश्न आहे व १९२५ चा करार हाच त्याला एकमेव पूर्वदाखला आहे.

तूट किती यापेक्षा ती का राहते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. उत्तरेतील रोजगाराचा चतुर्थांशाहून अधिक भाग सरकारी क्षेत्रात आहे, शाळा अर्धवट सोडणाऱ्यांचे प्रमाण दक्षिणेपेक्षा बरेच जास्त आहे व उत्पादकता मागे राहिली आहे. दक्षिणेने १९५८ पासून जकाती उतरवून परकी भांडवलाचे स्वागत केले, १९७३ मध्ये यूरोपीय आर्थिक समूहात प्रवेश केला आणि कंपन्यांवरील कर कमी ठेवला. मात्र तिच्या राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हिशेबांमुळे फुगतात व कंपनीकराचा मोठा भाग मोजक्याच अमेरिकी कंपन्यांकडून येतो. २०१० मध्ये बँका कोसळल्यावर तिला बाह्य मदत घ्यावी लागली होती, तर अलीकडे तिच्या अंदाजपत्रकात शिल्लक पडत आहे. जर्मनीच्या १९९० च्या एकीकरणाचा दाखला दोन्ही पक्ष देतात. परंतु तेथे पूर्वेतील एका नागरिकामागे पश्चिमेत जवळजवळ चार होते, आयर्लंडमध्ये हे प्रमाण तीनाहूनही कमी पडते.

सामान्य मतदारापुढे हा प्रश्न अब्जांच्या भाषेत येत नाही. उत्तरेत डॉक्टरकडे जाण्यास पैसे पडत नाहीत, दक्षिणेत अनेकांना दर भेटीस शुल्क द्यावे लागते. परंतु उत्तरेतील शस्त्रक्रियांच्या प्रतीक्षायाद्या इतक्या लांबल्या आहेत, की पूर्वी निर्णायक वाटणारा हा मुद्दा बोथट झाला आहे. दक्षिणेतील मतदार एकीकरणाच्या बाजूने मोठ्या बहुमताने बोलतात. ध्वज किंवा राष्ट्रगीत बदलावे लागेल असे म्हटले, की त्यांतील बहुसंख्य नकार देतात.

बहुमताच्या व्याख्येवरही एकमत नाही. करारानुसार एका मताचे आधिक्यही पुरेसे आहे. उत्तरेतील राष्ट्रवादी नेते शेमस मॅलन यांनी मात्र मृत्यूपूर्वी, २०१९ मध्ये, दोन्ही समाजांत पुरेशी संमती असल्याखेरीज हे पाऊल उचलू नये असे मत मांडले. त्यावर प्रतिपक्षाचे उत्तर असे, की ब्रिटनमध्ये राहण्यास साधे बहुमत पुरत असेल, तर बाहेर पडण्यास अधिकाची अट घालणे म्हणजे एका समाजाच्या मताला दुसऱ्यापेक्षा जास्त मोल देणे होय. डब्लिन सरकारने २०२० मध्ये संपूर्ण बेटासाठी सहकार्याचा स्वतंत्र विभाग काढून रस्ते, पूल व संशोधन यांवर पैसा खर्चण्यास सुरुवात केली; सार्वमताची तारीख ठरविण्यास मात्र त्याने सातत्याने नकार दिला आहे. एकीकरण झाल्यास दक्षिणेतही सार्वमत आवश्यक आहे. नव्या राज्यात बेलफास्टचे विधिमंडळ राहील काय, आरोग्यसेवेचे स्वरूप काय असेल आणि निवृत्तिवेतन कोणत्या चलनात व कोणाकडून मिळेल, याचा मसुदा सार्वमतापूर्वी मतदारांपुढे ठेवावा की नंतर, यावर खुद्द एकीकरणवाद्यांत मतभेद आहेत.